घरी करायच्या कृती, सत्र पहिले

जूनमध्ये मी कार्डशीटवर एक तक्ता केला,
दुसरी-तिसरीचा मिळून,
कारण खोली एक, फळा एक आणि बाई एक.
डाव्या रकान्यात: शाळेत शिकायचं.
उजव्या रकान्यात: घरी करायचं.

हातच्याची वजाबाकी.
त्याच्यासमोर: कोंबड्या सकाळी मोजा, सांजेला पुन्हा मोजा.

लांबी, वीत, फूट.
त्याच्यासमोर: रताळ्याची एक वेल मोजून आणा.
माप आणा, वेल नको,
हे लिहायचं राहून गेलं.
दुसऱ्या दिवशी टेबलावर अकरा वेली
आणि दारात मालू तरवाळचा बाप,
चिखलाच्या पायांनी बाहेरच थांबलेला:
"बाई, लावणीचं बेणं होतं की ते."

होसमनी सर मंगळवारी कानडी घेतात.
त्यांनी माझ्या तक्त्यात एक ओळ घातली:
घरातल्या चार वस्तूंना कानडीत काय म्हणतात ते विचारून या.
पोरं घेऊन आली
तूप, तुप्पा.
ताट, तट्टे.
विळी, ईळगी.
खिडकी, किटकी.
मलप्रभा गावडे वही मिटत म्हणाली,
"सोपं हाय सर, खरं नवीन काय आलंच नाही."
सर खूप वेळ हसले,
मग खिडकीबाहेर वैजनाथाच्या डोंगराकडं बघत राहिले.

ऑगस्टात: घरच्या माणसाच्या अंगठ्याचा ठसा काढा,
रेषांना रंग द्या.
रुक्मिणीचा कागद कोराच वाटला.
शाईचा एक गोल होता, आत रेष नाही.
तिची आई शिनोळीकडं काजू फोडायला जाते.
खाली रुक्मिणीनं लिहिलेलं,
"आईला रेषा नाहीत. रेशनच्या मशीनला पण सापडत नाहीत."
मी लाल पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.
त्या कागदाला अजून शेरा नाही.

सप्टेंबर नुसता रताळ्यांत गेला.
हजेरीवर तेवीस नावं, वर्गात नऊ पोरं.
बाकीची शेतात, पोत्यांची तोंडं शिवत,
नवरात्राच्या आधी उचगावच्या रस्त्याला ट्रक लागतात म्हणून.
डावा रकाना तसाच पडून राहिला.
उजव्यात काय लिहिणार होते मी?

मग दसऱ्याची सुट्टी, आणि माझी नेहमीची कृती:
मामाच्या गावाला जा, जे पाहाल ते पाच ओळींत लिहा.
भरमू भोगणची वही अशी:

"मामाचं गाव ओढ्याच्या पल्याड, चंदगडात.
तिथं सुट्टी नव्हती, त्यांना दिवाळीत हाय.
विन्या शाळेला गेला म्हणून मी पण गेलो.
त्यांच्या बाईंनी माझं नाव घेतलं नाही, खरं मी हजर म्हणालो.
तेराचा पाढा त्यांचा पण अडतोय."

तीन शब्द चुकले होते. मी एकच दुरुस्त केला.

दिवाळी झाली, आमची शाळा भरली.
सतरंजीच्या टोकाला एक अनोळखी पोरगा,
निळा गणवेश वेगळ्याच निळ्या रंगाचा,
तेलानं चप्प भांग.
भरमूकडं बघितलं, तर तो छताकडं बघत होता.
मी नावं घेत गेले. तेविसावं संपलं.
पेन खाली ठेवणार, एवढ्यात
बारीक आवाजात, "हजर."

दुपारी तायाक्कानं पातेल्यापासून हाक मारली,
"किती पानं, बाई?"
चोवीस, मी म्हटलं.
"अंडी तेवीसच आल्यात."

मी डबा उघडून काहीतरी शोधत होते
तोवर भरमूनं शर्टाच्या काठाचा सुटलेला दोरा
दातांनी तोडला,
अंड्याभोवती फिरवला, जीभ बाहेर काढून,
आणि ओढला.
दोन्ही तुकडे जवळ धरून बघितले.
मोठा कुठला, ते ठरेना त्याला.
विन्यानं ठरवलं.

अर्धा आणि पाव
माझ्या तक्त्यात जानेवारीत आहेत.