डिचोलीच्या कोर्टात, एक विशेषण

बारा पानांचं निकालपत्र टेबलावर आलं.
उद्या अकरापर्यंत मराठी करून द्या, शिरस्तेदार म्हणाले.
आठ पानं सरळ गेली. नवव्यावर अडलो:
इरेफ्रगबल.
पुरावा इरेफ्रगबल आहे, भाटकाराचा,
अठ्ठेचाळीस सालचा पोर्तुगीज दस्त,
कडा वाळवीनं खाल्लेल्या, मोहोर तेवढी शाबूत.

लिहिलं, बिनतोड. खोडलं.
निर्विवाद. पण वाद तर चौदा वर्षं चाललाय,
दोन साक्षीदार त्यात वारलेसुद्धा.
मग लिहिलं, काळ्या दगडावरची रेघ,
आणि एकट्यालाच हसू आलं.
इथं दगड तांबडा. चिऱ्यावर रेघ ओढली
तर दोन-तीन वर्षांत तिची आपसूक माती होते.

कपाटात लॅटिनचा कोश आहे,
माझ्याआधीच्या दुभाष्याचा, आल्वितो मास्तरांचा.
पानांना अजून तपकिरीचा वास.
मूळ अर्थ सापडला: विरोधात मत देणं.
पुढे नकार जोडला, शेवटी शक्यता,
म्हणजे ज्याच्याविरुद्ध हात वर करता येत नाही.
त्याच्याही मागे म्हणे मोडण्याचा धातू,
मतासाठी फोडलेलं खापर असेल,
सभेतला गलका असेल.
समासात मास्तरांचं पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह.
कुणाला खोडता न येणारा शब्द,
आणि त्याच्या जन्माचाच पत्ता नाही.

खापर म्हटल्यावर सुकांती हळर्णकर आठवली.
मुंडकार. शेवटच्या तारखेला पदराच्या गाठीतून
तिनं खापराचा तुकडा काढला होता,
घराच्या पायात सापडलेला,
ओल्या मातीत उठलेला कुणाचा तरी अंगठा त्यावर.
सासूच्या सासूचा, ती म्हणाली.
वकील आग्नेल उठले: यादीत नाही.
यादीत नव्हतंच. घेतलं नाही.
जाताना ते माझ्या टेबलावर ठेवून गेली,
"तुमच्या कागदांवर राहू दे, बाबा.
पंखा जोरात आहे."

रात्री साडेदहाला लिहिलं:
ज्याविरुद्ध बोलता येत नाही असा.
अर्थ बरोबर होता.
फार बरोबर होता, म्हणून खोडला.
सकाळी 'अखंडनीय' लिहून सही केली.

टायपिस्ट पोरगी पानं उचलायला आली.
खापर बाजूला सरकवलं,
अंगठ्याच्या खळग्यात तिचा अंगठा
नकळत बसला क्षणभर,
आणि नववं पान उडालं.