आंबळ्याला उभी

निनाद परत जाताना जॉयस्टिक इथेच ठेवून गेला.
म्हणाला, बाबा, आता नुसतं उडवायचं नाही,
यात वरून कंट्रोलर टाकलाय. बोलतो तो.
कंट्रोलर?
मग एकतीस वर्षं मी कोण होतो?

धानोरी, चौथा मजला, रात्रीचे साडेदहा.
कुंदाने बीपीची गोळी घेतली, आतला दिवा गेला.
मी हेडफोन चढवतो
आणि कोल्हापूरहून निघतो. चार सीटचं सेसना,
तीन सीट रिकाम्या.

खाली मिरज लाइन. तिलाच धरून यायचं,
मला दुसरी वाट माहीत नाही.
नीरा, वाल्हे, दौंडज, जेजुरी.
कंट्रोल ऑफिसात ही चार्टवरच्या आडव्या रेघांची नावं होती
आणि गाडी म्हणजे त्यांना कापत जाणारी
पेन्सिलीची तिरकी रेघ.
इतक्या गाड्या चालवल्या, धावताना पाहिली एकही नाही.

आता सगळं दिसतं.
वीर धरणाचं पाणी, पुरंदरची काळी पाठ,
पंखावर थोडं चांदणंसुद्धा टाकलंय कुणीतरी.
विमान तेवढं नाही.

“पूनी अप्रोच,” तो म्हणतो.
अमेरिकेतला असावा, किंवा कुठलाच नसावा.
साडेसहा हजार फुटांवर राहा. मी परत म्हणतो, साडेसहा हजार.
हे आमच्यातही होतं. ऐकलेलं परत म्हणायचं,
एकदा तोंडातून गेलं की जबाबदारी आपली.

मग म्हणतो, तिथेच घिरट्या घाला,
तुमच्यापुढे तिघं आहेत.
कुठे तिघं? आभाळात मी आणि हा टेबलफॅन.
पण तो म्हणतोय तर असतील.
एक मिनिट सरळ, वळण, एक मिनिट सरळ.
खाली बघतो तर राजेवाडी मागे गेलेली, आंबळे.
रूळ एकच काढलाय.
लूप लाइन काढायची राहिली त्यांच्याकडून.

त्या लूपवर मी एक मालगाडी उभी केली होती.
सिमेंटची. सत्त्याण्णवचा मे. पाच तास.
गार्ड भिंगारदिवे मास्तरांच्या फोनवर आला,
साहेब, दौंडला पोरीची सुपारी फोडायचीय आज,
जरा बघा ना.
म्हटलं, पुढे दोन गाड्या आहेत.
होती एकच.
दुसरी मी तशीच सांगितली,
त्याने पुन्हा फोन करू नये म्हणून.
त्याने केला. मी ओरडलो.

माइकचं बटण दाबतो.
साहेब, अजून किती वेळ?
“से अगेन.”
साहेब, पोरीची सुपारी आहे हो.
“से अगेन.”
त्याच सुरात. चिडत नाही हा.

डाव्या टाकीचा काटा तळाशी आल्यावर सोडतो.
रनवे दोन-आठ, उतरायला मोकळी.
ते तिघं कुठे गेले, सांगत नाही.
मीही विचारत नाही.

तेवढ्यात घरावरून खरं विमान जातं, दिल्लीचं असेल,
शोकेसमधल्या कपबश्या किणकिणतात.
कोणाशी बोलताय एवढ्या रात्री? आतून कुंदा.
ऑफिसचं आहे, मी म्हणतो,
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हेच तोंडात येतं.

चाकं जरा जोरातच टेकतात.
धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहतो, इंजिन चालू ठेवून.
भिंगारदिवे त्या रात्री कधी पोचला
ते चार्टवर होतं, माझ्याच पेन्सिलीत.
दौंड, एक वाजून दहा.
ते मी आता माइकमध्ये म्हणतो.
“से अगेन.”
दौंड, एक वाजून दहा.