मोहदरी घाटाच्या अलीकडे

शनिवारी सातपूरला सुट्टी.
शटर खाली, कूलंटचा वास आत कोंडलेला,
आणि त्या रिकाम्या शेडमध्ये संगणकाने एकट्यानेच
स्वतःला अपडेट करून घेतलं.

रविवारी सकाळी बोटं गारठलेली, चहा यायचा होता,
समोर निळा पडदा.
रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस आकडे.
मी पोराची जन्मतारीख टाकली.
लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांकही टाकून पाहिला,
माणूस काहीही करतो.
मशीन उभं, जॉब बांधलेला,
चारला गाडी येणार डाय न्यायला,
आणि अकरा वर्षांची ड्रॉइंगं?
आहेत तिथेच आहेत, फोनवर म्हणाला
कॉलेज रोडच्या दुकानातला मुलगा,
एकही गेलेलं नाही, काका. फक्त दिसणार नाहीत.

कुलूप मीच लावायला सांगितलं होतं.
शेजारच्या गाळ्यातून कुणाची ड्रॉइंगं फुटली असं ऐकलं
आणि प्रज्वलला म्हणालो, सगळं बंद कर, कडेकोट.
त्याने विचारलं, सर, तुमचा ईमेल?
मला कुठला ईमेल. तुझाच टाक, म्हणालो,
हातातला व्हर्निअर खाली न ठेवता.

पुढे दिवाळीआधी त्याच्या खिशात पेन ड्राइव्ह सापडला.
चार माणसांसमोर उघडून पाहिला मी:
बहिणीच्या हळदीचे फोटो. एकशे बारा.
सगळे पाहिले. एकेक करून.
शेवटचा पाहून झाल्यावरही काही बोललो नाही.
सोमवारपासून तो आला नाही.

नंबर होता अजून,
‘प्रज्वल बोडके प्रोग्रॅमर’ या नावाने.
तीनदा काढला, तीनदा मिटवला.
चौथ्यांदा लागला तेव्हा तो बसमध्ये होता,
सिन्नरच्या कंपनीच्या.
हं, म्हणाला. बराच वेळ नुसतं हं.
मग म्हणाला, लिहून घ्या.

चलनाच्या पाठीवर लिहू लागलो.
एकोणसाठ, तो म्हणाला, मी लिहिले एकोणसत्तर.
असं नाही जमायचं, सर, सुटे सुटे सांगतो.
पाच. नऊ. शून्य.
इतका हळू तो कधी बोलला नव्हता माझ्याशी,
की मीच कधी इतकं हळू ऐकलं नव्हतं.
तिसरा गट पडद्याने नाकारला,
सहाचा आठ झाला होता, माझंच अक्षर.
पाचव्या गटाचे चार आकडे झाले
आणि घाट आला.

रेंज गेली.

अठ्ठावीस आकडे माझ्याकडे, वीस त्याच्याकडे.
त्याने परत फोन करायलाच हवा
असं कुठे लिहिलं होतं?
चहा आला, त्यावर साय धरली.
मला त्या फोटोंतला एक आठवला:
प्रज्वल स्टुलावर, मंडपाच्या खांबाला माळ बांधतोय,
दोरा दातांत धरलेला.
काय शोधत होतो मी त्यात, त्या दिवशी?
कुठला डाय, कुठलं माप?

फोन वाजला. घाट चढलो, म्हणाला,
कुठे होतो आपण?
पाचव्यात.
दोन. सात.

मग एकदम सगळं समोर.
फोल्डर जिथल्या तिथे, त्यानेच दिलेल्या नावांचे:
फायनल. खरं फायनल.
सर म्हणतात ते फायनल.

फोन अजून चालू होता.
काढून टाकू का ही की माझ्या खात्यातून? त्याने विचारलं,
म्हणजे पुढे तुम्हाला संशय नको.
चलनावर आठ गट, त्यातला एक खोडून लिहिलेला.
राहू दे, म्हणालो.
पलीकडे बसचं दार उघडलं, कुणीतरी चल रे म्हणालं,
त्याला गेटवर पंच करायचं होतं.

फोटोंचं बोलायचं राहून गेलं.