वाढदिवसाची कवळी

रात्री आठला मी आईचे दात धुते.
मऊ ब्रश, गार पाणी. गरम पाण्याने ते वाकतात,
हे ती मला दर वेळी सांगते,
तोंड रिकामं असताना,
दंत्य अक्षरं सगळी गळालेली,
तरी मला कळतं.

ग्रीनॉकला आजोबा साखरेच्या कारखान्यात होते.
जमैकाची जहाजं क्लाइडमध्ये शिरायची,
तपकिरी, ओलसर पोती उतरायची,
आणि साखर पांढरी होऊन गावाबाहेर जायची.
सगळी नाही.
आजोबा घरी आले की विजारीच्या दुमडीतून
थोडी वर्तमानपत्रावर झाडायचे,
चार पोरं बोटं ओली करून बसलेली.
पावावर साखर, पावावर जॅम,
चहात चार चमचे,
रडणाऱ्या तान्ह्याला पाकात बुडवलेलं बोट.
त्या गल्लीतल्या तिशीच्या बायका
हसताना तोंडावर हात धरत.
लोक म्हणत, लाजऱ्या आहेत.

मग युद्ध आलं.
साखरेच्या गावात साखर माणशी पावशेर,
तीही आठवड्याची.
आजोबांची फाटकाशी झडती, दुमडीसकट.
रेल्वेच्या कडेला हातभर जमिनीत त्यांनी सलगम लावले.
नेटा, म्हणजे आई, तेव्हा आठ वर्षांची,
माती फ्रॉकला पुसून कच्चाच चावायची,
भिंतीपलीकडे मॅकफेलबाईंना ऐकू जाईल असा.
दुधाचे दात पडत होते, नवे येत होते,
सलगमावर, ओटच्या लापशीवर,
शाळेतल्या बाटलीभर दुधावर.
चांगले आले.
एवढंच मला सांगायचं होतं खरं तर. चांगले आले.

त्रेपन्नच्या फेब्रुवारीत मिठाईचं रेशन उठलं.
दुकानापुढची रांग चर्चपर्यंत गेली,
आई रांगेत होती, नाकारत नाही ती.
ऑगस्टमध्ये एकविसावं लागलं, लग्न ठरलेलं.
आजोबांनी टेबलावर पाकीट ठेवलं:
सगळे दात काढायचे पैसे, आणि नव्या कवळीचे.
तशी रीतच होती.
पोरीबरोबर दुखणं सासरी धाडू नये,
जावयाला पुढे खर्च नको.
जावयाने मागितलं नव्हतं.
आजोबांच्या स्वतःच्या तोंडात तेव्हा एकच दात, तोही हलता,
त्यांना मनापासून वाटायचं
की दात म्हणजे उशिरा येणारं बिल.

आधी तिने दातांच्या कण्या केल्या.
मग डॉक्टर लॅमंटनी.

अठ्ठावीस. दोन बैठकांत.
किडलेले तीन.
उरलेले पंचवीस बशीत खळखळले तेव्हा
डॉक्टर कौतुकाने म्हणाले, मुळं बघ किती लांब!

लग्नाच्या फोटोत ती हसते आहे,
पट्टीने आखल्यासारखं.
केक तिने चहात भिजवून खाल्ला.

आमच्या घरात टॉफी नव्हती.
दर शनिवारी खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून,
आ कर.
तिसऱ्या इयत्तेत एका चॉकलेटसाठी मी दोन दिवस खोटं बोलले,
मागच्या दाढेच्या खाचेत तिला ते सापडलं.
मारलं नाही. नुसती बघत राहिली,
ते मारण्याहून वाईट.
आजोबांना मात्र तिने कधी शब्दाने दुखावलं नाही.
आपलेच दात, आपलेच ओठ,
आणि दात तर तेही नव्हते.

आता ती ब्याण्णव वर्षांची, वृद्धाश्रमात,
खिडकीतून नदी दिसते, जहाज क्वचित.
चहात तिला दोन चमचे साखर लागते.
आता काय किडणार आहे, म्हणते.

रविवारी मी बाजारातून सलगम नेते,
तिथेच सोलते, एक जाड फोड कापते.
तिच्यासाठी नाही.
अडुसष्ट वर्षांची मी, एक दाढ सोडली तर सगळे माझे,
तिच्या पलंगाच्या कडेला बसून चावते.

मोठ्याने, ती म्हणते.

मी मोठ्याने चावते.
डोळे मिटून ती ऐकते,
आणि तिचा जबडा,
नुसताच, हळूहळू,
माझ्याबरोबर हलतो.