वसाहत

कोपरखैरण्याच्या माथाडींच्या बैठ्या घरांत
आम्ही अकरा महिने पुसत होतो.
काय सांडलं होतं त्याचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही,
एवढंच म्हणाले, मरत नाही लवकर.
फटीत बीज धरून बसतं.

दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन.
बोळा आधी आडवा फिरवायचा, मग उभा, मग तिरका.
रांगोळीच्या उलटं काम हे, मढवीताई म्हणायच्या,
असलेलं उचलायचं.

एका खोलीत साठ चौकोन.
कडीचा, बटणाचा, पंख्याच्या पात्यांचे तीन.
देव्हाऱ्याचा एक. देव आधीच पिशवीत,
वर चिठ्ठी : धातू, नग चार.

नियम सोपा होता.
शोषतं ते जाळा, शोषत नाही ते धुवा.
गोधड्या गेल्या, वह्या गेल्या, पोळपाट गेला,
लाटणंही. तवा राहिला.
गेनू उगल्यांच्या घरात खुंटीवर पोती ओढायचा आकडा,
लोखंड धुण्याजोगं, मूठ लाकडाची.
मढवीताईंनी मूठ ठोकून काढली,
हातात धरून थोडा वेळ बघितली.
तिच्यावर बोटांचे खळगे होते, चार आणि अंगठ्याचा एक.
मग टाकली.

बेलापूरहून दर मंगळवारी कागद यायचा.
बशीत जंतूंचे ठिपके उगवले की त्यांना म्हणतात वसाहत.
उगल्यांच्या उंबऱ्याच्या फटीत
पाच वेळा उगवल्या. वसाहती : तीन.
वसाहती : एक.
वसाहती : दोन, आणि आम्ही अख्खी ओळ पुन्हा धुतली,
वाफ कोंडली, दारं चिकटवली,
रस्त्यावर क्लोरीनचा वास इतका
की खाडीवरून येणारं वारंसुद्धा इस्पितळातून आल्यासारखं.

शेवटचा कागद आला जानेवारीत.
वसाहती : शून्य. खाली शिक्का.
मढवीताईंनी तो मोठ्यानं वाचला, रिकाम्या गल्लीकडे बघत,
आणि हसल्या, पण हसू सूटच्या आतच राहिलं.
“सासऱ्यांची भातं व्हती इथं,” त्या म्हणाल्या,
“ही वसाहत उठवली तवा पन असाच कागद आलता.
त्याच्यावर भात शून्य.”

आधी मुंग्या परतल्या.
अकरा महिन्यांत मी एक मुंगी पाहिली नव्हती,
ती ओळ बघत मी पायरीवर किती वेळ बसले कुणास ठाऊक.
मग माणसं, टेम्पोतून, नव्या प्लास्टिकच्या बादल्या घेऊन.
उगल्यांची बायको आत गेली आणि लगेच बाहेर आली.
“कुणाचं घर आहे हे?” म्हणाली, “वासच नाही याला.”
तिला काय सांगायचं.
वास म्हणजे काय, तो कशाकशाचा असतो,
हे आम्ही शिकलो होतो तीन दिवसांच्या वर्गात.

संध्याकाळी तिनं मिरच्या तव्यावर टाकल्या.
गल्लीभर ठसका. पोरं, पोलीस, आम्ही, सगळे खोकत सुटलो,
आणि खोकला ऐकून क्षणभर सगळे गप्प.
मढवीताईंनी मास्क काढून नाक पुसलं.
बाहीनं.

उगले ओट्यावर आकड्याला जुना गमछा गुंडाळत होते,
दातांनी गाठ ओढत.
माझ्याकडे न बघताच विचारलं,
“याचा नमुना घ्यायचा का, बाई?”

बोळे संपले, मी म्हणाले.
पिशवीत सतरा होते.