पावती

सूर नावाचं गाव आहे हे. ओमानच्या कडेला.
सूर लागत नाही, तो भाग वेगळा.
गुरुवारी रात्री मेसच्या मागच्या भिंतीवर
आम्ही चादर ताणतो, खालच्या टोकांना स्पॅनर बांधून,
आणि यादगिरीचा प्रोजेक्टर पालथ्या बादलीवर.

चादरीला मधोमध शिवण आहे.
त्यामुळे आभाळ दोन तुकड्यांचं,
आणि घोडा शिवणीपाशी आला की
क्षणभर त्याला पाच पाय.

पिक्चर असा: एक नालबंद. काळा. गुलाम.
विकलेला, पळालेला, सात वर्षांनी परत आलेला
मालकाचीच हिशेबाची वही काखेत मारून.
ज्याला त्याला गाठतो, चष्मा लावतो,
वहीतला आकडा वाचून दाखवतो,
व्याज लावतो, तेही चक्रवाढ,
पावती फाडतो, सही घेतो,
म्हणतो, 'आभारी आहे,'
आणि मग गोळी.

सगळं हिंदीत डब केलेलं.
गोऱ्या मालकाला मिशीच नाही,
तरी गरजतो, 'मूँछों की कसम!'
टेकबहादुरच्या नाकातून चहा आला.

काय हसलो आम्ही.
एकजण मरता मरता व्याजाच्या दरावरून वाद घालतो,
तिथे इस्माईल परकार लोळलाच.
खेडचा माणूस, तीन महिन्यांचा ओव्हरटाइम बाकी,
'घे पावती! घे!' म्हणत मांडीवर थापा.
माझ्या मांडीवर.

सगळ्यांत मोठ्याने हसले साळकर साहेब.
कॅम्प बॉस. आमच्याच मुलखातले.
आमचे पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत,
'हरवाल रे, म्हणून ठेवतो.'
त्यांना मधली खुर्ची.
पिक्चरमध्ये एक कारभारी होता,
मालकाच्या किल्ल्या कमरेला लावून मिरवणारा.
नालबंदाने त्याला विहिरीत उलटा टांगला
तेव्हा साहेबांच्या डोळ्यांना पाणी आलं,
हसून हसून.
तेवढा वेळ आम्ही कोणी चादरीकडे बघत नव्हतो.

खमीस हसला एकदाच.
गेटवरचा म्हातारा. खमीस म्हणजे गुरुवार.
नालबंद वहीत स्वतःचं पान काढतो
आणि वाचतो: 'एक खेचर, एक बंद घड्याळ.'
अख्खी मेस गप्प.
मागून एकटा खमीस, खो खो.

नंतर गेटवर खजूर पुढे करत म्हणाला,
हिंदीत अरबी कालवून:
माझ्या आजोबाचं दीड पोतं पडलं. याचंच.
झांजिबारहून आणला, होडीतून, नऊ वर्षांचा.
'याच बंदरात,' हनुवटीने अंधार दाखवला.
दोन पोती ठरली होती,
अर्धं कमी केलं. एक दात किडका निघाला.
मी विचारलं, ज्यांनी घेतला, ते घर?
'आहे ना. नाव त्यांचंच लावतो मी.'
आणि पुन्हा हसला.
सगळे दात शाबूत.

मला सांगायचं होतं, माझा आजा सालगडी होता.
दर पाडव्याला त्याचं साल ठरायचं:
पाच मण ज्वारी, एक घोंगडी, पायताणाचा जोड.
एका साली घोंगडी राहूनच गेली.
पण सालगड्याला अरबीत काय म्हणतात?
बी तोंडात घोळवत राहिलो.
खजूर गोड होता. त्याला तो काय करणार.

शनिवारी हजेरीच्या रांगेत
साळकर साहेबांनी बोटाचं पिस्तूल केलं,
माझ्यावर रोखलं, 'पावती घेतलीस का रे?'
ठ्यां.

मी मेलो. नीट मेलो.
छाती धरून, दोन गिरक्या घेऊन, पाय झाडून.
हेल्मेट घरंगळत गेलं बसच्या चाकाशी.
अख्खी रांग हसली. साहेब तर वाकून वाकून.
पडल्या पडल्या खालून
त्यांच्या पट्ट्याची किल्ली दिसली, लहानशी,
सायकलच्या कुलपाची असावी इतकी.

मग उठलो, धूळ झटकली, मशीनवर अंगठा लावला.
बस निघाली.
गेटवर खमीसने दांडा वर केला,
माझ्याकडे बघत हवेत काहीतरी लिहिलं,
फाडलं,
आणि घडी घालून स्वतःच्याच खिशात ठेवलं.