चढ संपल्यावर

यवतेश्वरच्या घाटात, चढ सरतो
आणि रस्ता अंग सैल सोडतो तिथं
माझी हेराल्ड बंद पडायची.
दर वेळी तिथंच.
कॉइलवर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं बसलं
की पुन्हा सुरू.

पुण्याहून नवी कॉइल आणून झाली.
एकानं कार्बोरेटर धुतला,
दुसरा म्हणाला, पेट्रोलात पाणी.
तिसऱ्यानं गाडीकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं:
"सहासष्टचं मॉडेल, मॅडम. भंगारात वीसेक हजार येतील."
मी पतपेढीत तीस वर्षं थकबाकी वसूल केलेली बाई.
वीसेक म्हणजे पस्तीस, एवढं मला कळतं.

मग गोडोलीत, मागच्या गल्लीत, दस्तगीर शिकलगार.
गॅरेज मुलानं टायरवाल्याला दिलं,
यांच्यापाशी उरलं एक स्टूल अन् पत्र्याची पेटी.
डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, हात थरथरते.
बॉनेट उघडा म्हणालेच नाहीत. विचारलं,
"मरती कशी? धापा टाकत, का दिवा फुंकल्यागत?"
फुंकल्यासारखी, मी म्हटलं.
"मग प्याट्रोल न्हाई. प्याट्रोलचं मरण लांबत जातं.
ह्यो करंट."
जरा थांबून,
"अन् तवा पाय कुटं असतो तुमचा?"

हे कुणीच विचारलं नव्हतं.
स्टुलाशेजारी उभी राहून मी हवेत पाऊल दाबलं,
हवेत गिअर बदलला,
समर्थ मंदिरापासून अख्खा घाट मनात चढले.
वळण आलं.
"उचललेला," मी म्हणाले,
"चढ संपला की मी पाय थोडा उचलते."

"आता उघडा."

हेराल्डचं अख्खं नाक पुढं उलटतं,
इंजिन ताटात वाढल्यासारखं समोर.
ते सांगत गेले, माझे हात करत गेले.
डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं.
खिशातून त्यांनी लग्नपत्रिकेचा तुकडा काढला,
तेलानं तांबूस, उरलेलं फक्त 'चि. सौ. कां.'
आणि पुढचं नाव बोटांनी पुसलेलं.
"पॉइंटात सरकवा. अडत अडत गेली पायजे."
अडत अडत गेली.
पॉइंट जळके नव्हते. कंडेन्सर निर्दोष सुटला.
"ऱ्हाऊ द्या पत्रिका तितंच."

मग दोन वायरींचा बारीक बल्ब:
एक टोक पॉइंटच्या स्क्रूला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला.
किल्ली अर्धी फिरवली. मिणमिणला.
"ती रबरी नळी काढा कार्बोरेटरवरनं,
तोंडात धरा, अन् वढा. लाजू नका."

चौसष्टाव्या वर्षी, भर दुपारी,
टायरवाल्याच्या तीन पोरांदेखत
मी नळीतून श्वास ओढला.
आतली प्लेट जराशी फिरली, तांदळाच्या दाण्याएवढी.
"गेला!" पोरं ओरडली.
श्वास सोडला.
"आला!"
"परत," शिकलगार म्हणाले. बल्बाकडं त्यांची पाठच होती.
गेला. आला. गेला.

करंगळीएवढी वायर.
वरून धडधाकट, कापडी आवरण जागच्या जागी,
आत तुटून दोन टोकं नुसती टेकलेली.
पाय उचलला की प्लेट फिरायची, टोकं फाकायची,
गाडी थांबली की प्लेट मागं, टोकांची भेट,
आणि श्रेय जायचं माझ्या ओल्या फडक्याला.

पेटीतून जुन्या इस्त्रीची वायर निघाली.
सोलली, कापली, डाग दिला;
पहिला डाग गोळा झाला, दुसरा बसला.
मजुरी विचारली तर म्हणाले,
"म्या काय केलं? बसलो हुतो."
मी वसुलीचा आवाज लावला, तेव्हा शंभर घेतले.

झाकण लावलं, किल्ली मारली.
स्टार्टर फिरला, इंजिन नाही.
पुन्हा. नाही.
पोरं गप्प. माझ्या कानात पस्तीस हजार वाजले.
शिकलगारांनी पाण्याचा तांब्या ओठांशी नेलेला,
तसाच धरून ठेवला,
आणि मोकळा हात माझ्यापुढं केला:

"बाई, पत्रिका द्या की माझी."